ताईची पट्टी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढेसुद्धा नाही. आज तुम्हाला सांगते आहे, आणि तरी जीभ अडते आहे.

ताई गायची. मी तंबोरा लावायची. राहात्यात आमचे वडील शाळेत मास्तर होते. त्यांनी दोघींना पेटीवर सूर शिकवले, पण गळा मिळाला तो एकटीला. मला नुसता कान मिळाला. तार केसभर उतरली तरी मला कळायचं. पण कानाचं कौतुक कोण करतं? लोक ऐकायला यायचे ते ताईला.

लढाईचे दिवस होते. पुण्याच्या एक गायिका पुणतांब्याच्या देवळात गायला आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे ताईला ऐकायला येणार होत्या. गळा पसंत पडला तर शिकायला घेऊन जाणार होत्या. तिला. मला कोण नेणार?

ताई आत साडी नेसत होती. तिची पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, पेटीची काळी चार. मी खुंट्या पिळल्या — हळूहळू, तार तुटू नये म्हणून जपून — आणि तंबोरा काळी पाचवर नेला. एक अख्खा सूर वर. हात चुकला म्हणू? माझा हात कधीच चुकत नसे.

तबल्यावर सखारामदादा होते, आमच्या शेजारचे शेतकरी. त्यांनी ठोकून पाहिलं आणि थांबले.

"इंदू, पट्टी लई वर गेली की गं. ताईंची ही न्हाई."

"ताईनंच सांगितलंय," मी म्हटलं.

त्यांनी हातोडीने ठोकून तबलाही त्या सुराला चढवला.

गायला लागताच ताईला जाणवलं असणार. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून तारा छेडत राहिले. तंबोरा मी लावलेला — तिनं स्वतःच्या गळ्यावर संशय घेतला, माझ्या कानावर नाही. वरच्या षड्जाला आवाज फाटला. पुन्हा गेली, पुन्हा फाटला. बाई प्रेमळ होत्या. "घरी गात राहा हो," एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ताई म्हणाली, "माझाच गळा कच्चा निघाला गं." तेव्हा सांगता आलं असतं. बाई अजून पुणतांब्यातच होत्या. मी तिच्यासाठी आल्याचा काढा उकळत बसले — काढा!

ती परत गायली नाही. लग्न झालं, मुलगी झाली, तिला निजवतानाही नुसती थोपटायची.

पुढे ती मुलगी गायला लागली, तेव्हा ताई तिला घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "हिची पट्टी तूच ठरव, इंदू. मला माझी कधी कळलीच नाही."

मी पोरीला गायला लावलं, नीट ऐकलं आणि पट्टी बरोबर सांगितली. ताईनं माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.