खांदा घासलेली रेकॉर्ड

पुण्याच्या एका समीक्षकानं पेपरात सर्वश्रेष्ठ रेकॉर्डची क्रमवारी छापली आणि माझ्या लाडक्या भेदिक शाहिरीच्या, म्हणजे कोड्यांच्या सवाल-जवाबाच्या, रेकॉर्डला वगळलं. तो राग अजून माझ्या मनात आहे. त्याच आठवड्यात गडहिंग्लजचा एक बैलांचा दलाल माझ्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात आला. मी क्रमवारीतली पहिल्या नंबरची रेकॉर्ड पुढं केली. बैलाचे दात बघावेत तशी त्यानं ती उजेडात तिरकी धरली.

“कोरी करकरीत हाय, पावणं. मालकानं जुपलीच न्हाय की.”

मग त्यानं सुईनं घासून पांढरी पडलेली माझी शाहिरी उचलली. “हिचा खांदा जुवानं घासलाय. कामाची हाय. बोला, किती?”

चार आण्यांसाठी भांडणारा मी म्हणालो, “ही विकायची न्हाय.”

“मग वाजवा तरी.”

मी आवाज रस्त्यापर्यंत जाईल एवढा वाढवला.