वसुधाताई आणि गव्हाणी घुबड

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका मंगळवारी वसुधाताई इथे आयर्लंडमध्ये, बॉल्सब्रिजच्या बसथांब्यावर कोसळल्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. संध्याकाळी त्या गेल्या.

ल्यूकनच्या शनिवारच्या मराठी वर्गात आम्ही दोघं शिकवायचो. म्हणजे त्या शिकवायच्या आणि मी वह्या तपासायचो. रागावल्या की त्या समोरच्याला अहो-जाहो करत. "या आरोहराव, बसा. गृहपाठ घरी विश्रांती घेतोय वाटतं?" आरोहराव नऊ वर्षांचे. इथल्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "कानाने मराठी आणि तोंडाने आयरिश? मध्ये कुठे गाडी बदलता आपण?" मुलं खिदळायची आणि मराठीत बोलायची.

पुस्तकातल्या चित्रांवर त्यांचा विश्वास नव्हता. "चित्र बघून ससाणा कळतो होय?" म्हणून गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या सुट्टीत त्यांनी सगळ्या वर्गाला, आईबापांसकट, शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात नेलं. तिथे एका वडिलांना म्हणाल्या, "तो फोन खिशात ठेवा. पक्षी तुमच्याकडे बघतोय, तुम्ही कुठे बघताय?"

पक्षी सांभाळणारा ब्रेंडन हातावर एक पांढरट घुबड घेऊन आला. "हे गव्हाणी घुबड," ताई म्हणाल्या. "धान्यातले उंदीर खातं. शेतकऱ्याच्या घरचं माणूसच."

मकरंदने आपल्या दोन्ही मुलांना मागे ओढलं. "ताई, घुबड नको. अपशकुन असतो. आईने फोटो बघितला तर जेवायची नाही."

ताईंचा आवाज मऊ झाला. ही धोक्याची खूण. "मकरंदराव, आपण दिवसभर संगणकाला अंदाज बांधायला शिकवता ना? या पाखराने आपलं काय वाकडं केलं, तेही विचारा त्याला."

मकरंद मुलांना घेऊन गाडीत जाऊन बसला. आठ वर्षांच्या इराने हात वर केला. चामड्याचा हातमोजा तिच्या कोपरापर्यंत येत होता. ताईंनी तिच्या मनगटाखाली आपला हात धरला. घुबड आवाज न करता येऊन बसलं.

"अगेन!" इरा ओरडली.

"मराठीत."

"पुन्हा!"

घुबड आणखी तीनदा आलं.

ताईंची शोकसभा क्लोनडॉकिनच्या एका सभागृहात झाली. चहाच्या टेबलाशी मकरंद म्हणाला, "मी तेव्हाच सांगितलं होतं. महिनासुद्धा झाला नाही." दोन-तीन माना हलल्या. त्यातल्या एका मानेवर डॉक्टरेट होती. माझ्या हातात कप होता. मी काही बोललो नाही. त्या गप्प बसण्याचा राग अजून गेलेला नाही.

इरा बिस्किटांच्या ताटलीपाशी उभी होती. तिने माझी बाही ओढली. "काका, वॉज इट मी? आय सेड पुन्हा. थ्री टाइम्स."

मकरंदला मी दहा वर्षं अरे-तुरे करत आलो होतो.

"मकरंदराव, इकडे या. ताई कशाने गेल्या ते या मुलीला सांगा."

"अरे, मी आपलं सहज बोललो..."

"सहज नाही. तिला सांगा."

त्याने कपात आणखी साखर घातली. त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, प्रसंग काय, तुम्ही बोलताय काय!" प्रसंग तोच होता. एका बाईच्या मरणाचं खापर एका मुलीच्या डोक्यावर फुटलं होतं, आणि लोक चहात साखर ढवळत होते. शेवटी खाली बसून मीच इराला रक्तवाहिनीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. तिला पटलं नाही.

यंदा फेब्रुवारीत मी सहलीचं कळवलं. ग्रुपवर जोडलेले हात आले आणि "यंदा राहू द्या" आलं. फक्त इराची आई म्हणाली, "आम्ही येतो."

केंद्रात इराचे हात बराच वेळ खिशात होते. ब्रेंडनने ताईंची चौकशी केली. मी सांगितलं. त्याने हातमोजा इरासमोर धरला आणि तसाच धरून ठेवला. तिने तो घातला. मी तिच्या मनगटाखाली हात धरला. घुबड एकदाच आलं. "पुन्हा" ती म्हणाली नाही.

एप्रिलमधल्या एका शनिवारी वर्ग सुटल्यावर ती माझ्यापाशी आली.

"काका, दोन महिने झाले. कुणी गेलं नाही."

"नाही."

"मग तेव्हाही मी नव्हते."

"नव्हतीस."

वर्गात आता सात मुलं आहेत. मकरंदची दोघं येत नाहीत. त्याने इराला अजून काही सांगितलेलं नाही.