बाबांनी वारूळ वहिनीला दाखवलं

मैत्रिणींनो, अजून राग उतरला नाही, म्हणून लिहून राह्यले.

आज माहेरी, धानोऱ्याला आहे. सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी अळिंबी, वर्षातून एकदोनदाच मिळते. आमचं वारूळ बाबांनी लहानपणी फक्त मला दाखवलं होतं. आईलाही सांगायचं नाही, अशी शपथ घालून.

सकाळी सगळ्यांना खूश करायला टोपली घेऊन गेले. वारूळ रिकामं! घरी आले तर वहिनी सात्या धुवत बसलेली.

"बाबा, तिले काऊन दाखवली जागा?"

"तू त सासरी राह्यतेस, बाई. आता घरची तेच हाये."

भाजीचा वास घरभर सुटला. सगळे आनंदाने जेवायला बसले. बाबा वहिनीला म्हणाले, "आधी हिले वाढ."

पाहुण्यांनाच आधी वाढतात ना?