दह्यात कालवलेल्या कॅप्सूल

ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. ना रक्त, ना पळापळ. वाघोलीच्या एक बाई प्लास्टिकचा डबा घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आल्या, एवढीच सुरुवात.

त्यांच्या नवऱ्याला यकृताचा जुना आजार. डॉक्टरांनी पित्ताम्लाच्या, म्हणजे बाईल अ‍ॅसिडच्या गोळ्या कायमच्या लावून दिल्या होत्या. आता तो दवाखान्यात होता. डोळे पिवळे, पोट फुगलेलं. डब्यावर परदेशी झेंडा आणि 'लिव्हर सपोर्ट' अशी अक्षरं. विकणारा खराडीतल्या एका जिमचा ट्रेनर. "काकू, गोळीत आहे तेच यात, फक्त इम्पोर्टेड," असं त्याने पटवलं आणि बाईंनी गोळ्या बंद केल्या.

"मालकांना कॅप्सूल गिळवत नव्हती, साहेब. मी फोडून दह्यात कालवून द्यायची. गोळी लई कडू लागायची त्यांना. ही कॅप्सूल मात्र गपगुमान खायचे. मला वाटलं, गुण येतोय."

डबा तपासणीला पाठवला. अहवाल यायचा तेव्हा येतो, सरकारी काम. त्याआधीच जिममधल्या एका माणसाने खबर दिली, की माल परदेशातून नाही, ट्रेनरच्या फ्लॅटमधून येतो. औषध निरीक्षक आणि दोन पंच घेऊन सकाळीच छापा घातला. रिकाम्या कॅप्सूल, मक्याचं पीठ, पिठीसाखर आणि त्या झेंड्याच्या लेबलांचे गठ्ठे सापडले.

ट्रेनर सोफ्यावर हाताची घडी घालून बसला होता. मोबाइलवर कायदा शिकलेली ही जमात मला चांगली माहीत आहे.

"सर, पीठ कुणाच्या घरात नसतं? माल वरून सील होऊन येतो, मी फक्त डीलर. आमच्या घरात सगळे हेच घेतात."

पंचनामा चालू असताना आतल्या खोलीतून त्याचे वडील बाहेर आले. आम्हा एवढ्या माणसांकडे बघून गोंधळले, पण म्हणाले, "आरं, माझी सकाळची गोळी राहिली ना."

पोरगा सवयीने उठला. फ्रिजवरची गोळ्यांची पट्टी काढली, गोळी दिली, वर पाणी दिलं. म्हाताऱ्याने तोंड वाकडं केलं. "लई कडू हाय रे ही."

पट्टी मी हातात घेतली. मेडिकल स्टोअरमधली. बाईंच्या नवऱ्याला डॉक्टरांनी लिहून दिलेलं तेच औषध.

"घरात एवढा इम्पोर्टेड माल असताना वडिलांना ही का?" मी विचारलं.

तो माझ्याकडे नाही, बापाकडे बघत राहिला. "बाबांसमोर नको, सर." मग स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या सगळं ओकला.

बाईंचा नवरा वाचला नाही. ट्रेनर जामिनावर सुटला. मी निवृत्त झालो, तारखा पडतच आहेत.

अशा लोकांना चांगल्या-वाईटाची जाण नसते, असं व्याख्यानांत सांगतात. थापा आहेत. खरं औषध कोणतं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? ते त्याने स्वतःच्या घरापुरतं ठेवलं. आजही मला त्याच्या बेड्यांपेक्षा त्याने बापाला दिलेला पाण्याचा पेला जास्त आठवतो, आणि संताप येतो.

नवरा गेल्यानंतर पुरवणी जबाबाला बाई आल्या, तेव्हा छाप्याची हकीकत ऐकून त्यांनी विचारलं, "त्याच्या बापालाबी ती गोळी कडूच लागायची का, साहेब?"

"हो."

"अन् तरी तो देत व्हता." त्यांनी जबाबावर सही केली, पेन नीट टोपण लावून ठेवलं. "मलाच मालकांची कुठनं एवढी दया आली, काय म्हाईत."