घासून काढलेले ठसे

वसुधा गद्रे नवऱ्यामागे जर्मनीत, इंगोलश्टाटला आली ती २००१ साली. जयंत गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. हिला वेड जुन्या चिनी चांदीच्या नाण्यांचं, तेही ठसे मारलेल्या. पूर्वी तिकडचे व्यापारी हाती आलेलं नाणं पारखून घेत आणि चांदी खरी निघाली की आपल्या पेढीचं अक्षर त्यावर ठोकत. वसुधाचं माहेर सराफांचं, म्हणून असेल, पण कोऱ्या नाण्याकडे ती ढुंकूनही बघत नसे.

गावच्या नाणेसंग्राहकांच्या फेराइनमध्ये, म्हणजे मंडळात, ती एकटीच बाई. अध्यक्ष हेर ब्रांडल, म्हणजे नेमका कारखान्यातला जयंतचा शेफ, वरचा साहेब. ठसेवाल्या नाण्यांना तो 'जखमी' म्हणे आणि चारचौघांत हसे. त्यामुळे त्यानेच जेव्हा तिचं ड्रॅगनचं नाणं अदलाबदलीत मागितलं, तेव्हा ती चकित झाली. "ठशांचा अभ्यास करायचाय," तो म्हणाला. तिने दिलं.

शरदातल्या प्रदर्शनात तेच नाणं काचेखाली लखलखत होतं. ठसे घासून टाकलेले. ड्रॅगनच्या शेपटीजवळचा एक अर्धवट तेवढा सुटला होता, त्यावरून तिने ओळखलं.

"हे तुम्ही केलंत?" तिने सगळ्यांसमोर विचारलं.

"साफ केलं. नाणं माझं आहे, फ्राऊ गद्रे."

"माझ्याशी खोटं बोलून घेतलंत. तुम्ही लबाड आहात."

घरी जयंत भडकला. "तो माझा शेफ आहे. सोमवारी माफी मागून मोकळी हो."

"मागणार नाही."

पुढच्या बैठकीत तिला काढून टाकायला हात वर झाले. ज्याला तिने ठसे वाचायला शिकवलं होतं, त्या बेकरीवाल्या म्हाताऱ्याचाही. ब्रांडलने जयंतला नव्या प्रोजेक्टमधून वगळलं. जयंत कित्येक आठवडे तिच्याशी कामापुरतंच बोलला.

२००८ साली ब्रांडल निवृत्त झाला. एकदा दोघं दुकानात असताना चीजच्या काउंटरपाशी समोर आला, काठी टेकत, आणि त्याने हात पुढे केला. वसुधाने त्या हाताकडे नीट पाहिलं आणि ढकलगाडी वळवली.

"म्हातारा झालाय गं तो," बाहेर आल्यावर जयंत म्हणाला.

"आल्झो, मग होऊ दे की," ती म्हणाली आणि पिशव्या डिकीत टाकू लागली.