जातो म्हणायचं न्हाई

गंगावेशीत गिऱ्हाइकासमोर म्हस पिळून धारोष्ण दूध देणारे हंबीरराव साऱ्या पेठेला माहीत होते. पण पेठ घाबरायची ती त्यांच्या बायकोला, आक्काला. आक्का मनानं लोणी. आवाज मात्र असा, की ती घरात कुजबुजली तरी रंकाळ्यावर कळावं. आणि तिच्या घरात एकच कायदा होता. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना "जातो" म्हणायचं नाही, "येतो" म्हणायचं.

आता ही रीत घरोघरची आहे, त्यात नवल ते काय? नवल हे, की आक्का ती फौजदारासारखी राबवायची. एकदा विम्याचा एजंट बोलता बोलता "बरं, जातो" म्हणाला आणि त्यानं गाडीला किक मारली. आक्कानं पिठाच्या हातानं त्याला गल्लीच्या तोंडाशी गाठला, कॉलर धरून माघारी आणला, बसवला, घोटभर चहा पाजला आणि "येतो" म्हणवून घेऊन मगच सोडला. हंबीररावांनी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, विमावाला हाय तो! येतो म्हणाला तर खरंच येतोय की!"

आणि तो खरंच येत राहिला, दर शनिवारी.

अशा घरात त्यांचा पोरगा विश्वजित वाढला. लहानपणी म्हशींची चित्रं काढायचा, मग अंबाबाईच्या देवळातले खांब काढायला लागला, मग आर्किटेक्ट झाला आणि शेवटी कला आणि वास्तुकलेच्या वरच्या शिक्षणासाठी इटलीला, फ्लॉरेन्स नावाच्या जुन्या गावाला निघाला. कट्ट्यावर दूध प्यायला येणाऱ्यांना हंबीरराव अभिमानानं सांगायचे.

"पोरगं इमारतींचं शिकालंय."

"म्हंजे बिल्डर होणार म्हणा की!"

"न्हाई. तिथं नव्या बांधायला शिकवत न्हाईत. जुन्या कशा बघायच्या ते शिकवत्यात."

"बघायला शिकायला इटलीला?" गिऱ्हाईक दुधानं पांढऱ्या झालेल्या मिशा पुसत विचारायचं, आणि हंबीरराव म्हशीला उगाचच दोन शिव्या द्यायचे.

निघायच्या दिवशी स्टेशनावर घोळ झालाच. गाडी हलली आणि विश्वजितच्या तोंडून गेलं, "आक्का, जातो गं!"

झालं! आक्का पदर खोचून डब्याबरोबर पळत सुटली. "येतो म्हण! मुडद्या, येतो म्हण!" विश्वजितच्या तोंडून रडण्यापायी शब्द फुटेना. शेवटी बाईच्या जिवाची काळजी वाटून सगळा डबाच खिडकीतनं ओरडला, "येतोऽऽ!" तेव्हा कुठं आक्का थांबली. त्यानंतर मात्र पोरानं कानाला खडा लावला. कुठंही, कुणासमोरही, निघताना येतोच म्हणायचं.

आणि तिथंच माशी शिंकली.

फ्लॉरेन्सात तो लुचियाबाई नावाच्या म्हाताऱ्या विधवेकडं भाड्यानं खोली घेऊन राहिला. रोज सकाळी निघताना तिच्या भाषेत शब्दाला शब्द लावून सांगायचा, "मी येतो." आपल्याकडं येतो म्हणजे गेला. तिच्याकडं येतो म्हणजे आलाच, पाच मिनिटांत! म्हातारी बिचारी आधणात शेवया सोडायची, दोन ताटं मांडायची आणि दाराकडं बघत बसायची. पोरगा तिकडं कुठल्या तरी घुमटाखाली मान वर करून उभा, तो दिवेलागणीला उगवायचा. शेवयांचा लगदा झालेला. चौथ्यांदा असं झाल्यावर लुचियाबाईनं पातेलंच त्याच्या दारात आपटलं. "खोटारड्या! आजपासून जे करणार तेच बोलायचं. न्हाईतर खोली सोड."

विश्वजितनं व्हिडिओ कॉलवर हे रडगाणं आक्काला ऐकवलं. आक्का म्हणाली, "व्हय की रं, बाईचंबी बरोबर हाय. तिला सांग, शेवयांत दूध-गूळ घालत जा. गार झाल्या तरी चालत्यात."

सवय अशी सुटते होय? परीक्षेचा दिवस आला. विश्वजितनं आपलं काम झकास सांगितलं, परीक्षक माना डोलवायला लागले. हा खुशीत वाकून म्हणाला, "मी येतो," आणि निघून गेला. परीक्षकांना वाटलं, गडी इमारतीची प्रतिकृती आणायला गेला. बसले वाट बघत. जेवणाची वेळ टळली. त्या देशात एकवेळ चर्च पडलं तरी चालेल, पण जेवण टळून चालत नाही. आणि हा पठ्ठ्या चौकात बसून आइस्क्रीम खात होता! दुसऱ्या दिवशी भुकेलेल्या परीक्षकांपुढं नाक घासून सगळं परत सांगावं लागलं, तेव्हा कसाबसा पास झाला. त्या दिवशी त्यानं शपथ घेतली. जे करणार, तेच बोलणार.

इकडं आक्काच्या लगेच ध्यानात आलं. फोन संपताना पोरगा "येतो" म्हणेना. "ठेवतो" म्हणायला लागला. त्यात तिकडच्या एका कचेरीनं त्याला नोकरी देऊ केल्याची बातमी आली. जुनी चर्चं दुरुस्त करायची, तिथंच राहायचं. शिक्षण संपलेलं, आता पोरगा येतोय का राहतोय? विचारायची आक्काची छाती होईना. गल्लीत मोठ्यानं सांगायची, "राहू दे की, मोठं होऊ दे!" आणि घरात कांदा नसतानाही डोळ्याला पदर लावायची. हंबीररावांना दिसायचं. पण ते म्हशीशी जेवढं बोलायचे, तेवढंही बायकोशी बोलता येत नव्हतं त्यांना.

एका रात्री फोनवर म्हस व्यालेली, चीक साऱ्या गल्लीत वाटलेला, असल्या गप्पा झाल्या. शेवटी विश्वजित म्हणाला, "बरं आक्का, येतो." आणि फोन बंद.

आक्का हरखली. "ऐकलंसा? येतो म्हणालं पोरगं!"

"म्हंजे येणार हाय?" हंबीरराव ताडकन उठून बसले.

"अवो, असं म्हणत्यात. बोलायची रीत हाय ती." बोलता बोलता तिचा आवाज बसला. आयुष्यात पहिल्यांदा. "रविवारी जोतिबाला जाऊया. पोराला माघारी धाड म्हणून साकडं घालूया."

रविवारी दोघं पहाटेच्या एसटीनं डोंगरावर गेली. उन्हं कलताना परतली ती डोक्यापासून पायापर्यंत गुलालानं गुलाबी होऊन. बघतात तर कुलूप लावलेल्या दारात, पायरीवर, भल्यामोठ्या बॅगेवर डोकं टेकून एक दाढीवाला झोपलेला.

"विमावाला असंल," हंबीरराव दबक्या आवाजात म्हणाले. "नजर देऊ नको."

पण आक्का ती आक्का. "काय पावणं, कुणाकडं आलाय?"

पावणं दचकून उठलं. समोर दोन गुलाबी माणसं. पण आवाज तर जगात एकच तसा!

"आक्का! आगं, येतो म्हणालतो की मी! सकाळधरनं बसलोय!"

आक्काच्या हातातली प्रसादाची पिशवी गळून पडली. "म्हणालतास रं... पर मला काय ठावं, खरंच येतोयस ते!" तिनं आधी त्याच्या पाठीत धपाटा घातला, मग पोटाशी धरलं, आणि असं भोकाड पसरलं की समोरच्या माडीवरनं लोक वाकले. पोरगाही गुलाबी झाला. घरात शिजवलेलं भाताचं शीत नव्हतं. विश्वजित हसत म्हणाला, "लुचियाबाईचा तळतळाट लागला बघ."

"आणि नोकरी?" हंबीररावांनी विचारलं.

"नको म्हणून सांगितलं. तिथल्या भिंतींना हात लावायला माणसं रांगेत उभी हायत, आबा. आपल्या पंचगंगेच्या घाटाकडं कोण बघतंय?"

हंबीररावांनी म्हशीला उगाचच थोपटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजितनं पायात चपला सरकवल्या आणि म्हणाला, "आक्का, मी जरा कट्ट्यावर जातो."

हंबीररावांचा चहा ओठाशीच थांबला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

आक्का भाकरी थापत होती. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"जा की," ती म्हणाली. "येताना कोथिंबीर आण."