वहिनीसाठी गाळलेल्या जागा

माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, शाळेतली पोरं पाठीमागे ‘गाळलेल्या जागा’ म्हणतात. तोंडावर अर्थातच सर. एकतीस वर्षं त्याने भूगोल शिकवला आणि एकतीस वर्षं त्याच्या प्रत्येक पेपरात पहिला प्रश्न तोच. मी म्हणायचे, अरे, दुसरं काही सुचतच नाही का तुला? तर म्हणायचा, “अगं, मोठ्या उत्तरात पोरगं पानभर थापा मारतं. एका शब्दाच्या जागेत थाप बसत नाही. येतं तर येतं, नाही तर नाही.” आमच्या घरात असा शहाणपणा ऐकून घ्यायची सवय आहे, म्हणून मी गप्प बसायचे. नाही तर एरवी माझ्या तोंडाला कोणी लागत नाही.

परीक्षा ऑनलाइन फॉर्मवर घ्यायच्या असं शाळेत ठरलं तेव्हा बाकीच्या मास्तरांनी हात टेकले. हा मात्र दोन दिवसांत तयार. वाक्य लिहायचं, मधे रेघ सोडायची, बरोबर उत्तर आत भरून ठेवायचं म्हणजे फॉर्म स्वतःच तपासतो. शेवटी ‘आवश्यक’ नावाचं बटण चालू करायचं, म्हणजे जागा रिकामी ठेवून कोणाला सटकता येत नाही. आणि मग त्याची जुनी खोड. पेपर कोणाच्याही हाती देण्याआधी तो स्वतः सोडवून बघणार. वीसपैकी वीस पडले की समाधानाने हुंकार देणार. “आला का रे पहिला नंबर?” मी विचारायचे.

मग वहिनीला अर्धांगाचा झटका आला.

वहिनी एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसायची. दिवसभर लोकांना वॉर्ड, मजले, डॉक्टरांच्या वेळा सांगून तिचं पोट भरायचं नाही, घरी आली की दादाला सगळं पहिल्यापासून सांगायची. तो पेपर तपासत हं हं करायचा. “काय सांगितलं मी आत्ता?” असं ती मधेच विचारायची आणि तो बरोबर सांगायचा, मग ती पुढे सुरू. झटक्यानंतर तिचा उजवा हात गेला आणि शब्दही गेले. माणसं ओळखायची, हसायची, चिडायचीसुद्धा. पण तोंडातून एकच, ‘ते... ते... ते’. आणि आपण भलतंच बोलतोय हे तिला कळायचं. तेच बघवत नव्हतं.

वाचा परत यावी म्हणून उपचार देणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सांगितलं, “सर, रोज यांना सोपी वाक्यं द्या, एक शब्द गाळून. तो शब्द त्यांचा त्यांना शोधू दे. बोलता येईना तर लिहू दे. चार महिन्यांनी चाचणी घेऊ. निम्मी उत्तरं आली तर पुढच्या गटात घेते, तिथे बोलण्याचा सराव असतो. नाहीच आली तर मात्र यांची वेळ दुसऱ्याला द्यावी लागेल. रांग फार मोठी आहे.”

दादाचा चेहरा असा उजळला की मला हसूच आलं. म्हणजे जगात ज्या एका गोष्टीत हा पटाईत, तीच बायकोचं औषध निघाली.

रविवारी बसून त्याने टॅबवर फॉर्म केला. वीस वाक्यं. ‘दार उघडायला ____ लागते.’ ‘पावसात डोक्यावर ____ धरतात.’ ‘माझ्या नवऱ्याला सगळे ____ म्हणतात.’ सगळं ‘आवश्यक’ केलं. मग रिवाजाप्रमाणे त्याच टॅबवर स्वतः सोडवून बघितला. वीसपैकी वीस. सोमवारपासून रोज सकाळी अकराला सांभाळणाऱ्या मावशी वहिनीला खुर्चीत बसवायच्या, तोच फॉर्म उघडून टॅब समोर ठेवायच्या, आणि तिने भरलेला फॉर्म शाळेत दादाच्या फोनवर जायचा.

पहिल्या आठवड्यात नुसती ‘ककक’ आणि ‘मम’. मग दोन बरोबर. मग पाच. तिसऱ्या महिन्यात अठरा, एकोणीस. मी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावत असायचे आणि दादाचा फोन यायचा, “आज फक्त छत्री चुकली.” माझ्यासारखी बाई, जिला लोक दगड म्हणतात, ती पार्सलांच्या मागे जाऊन डोळे पुसायची. एकदा मी म्हटलं, “अरे, पण बोलताना अजून ‘ते ते’च करते की.” तो म्हणाला, “आधी लिहिण्यात येतं, मग जिभेवर. धीर धर जरा.” मी धीर धरला. मलाही ते खरं व्हायला हवं होतं.

चाचणीच्या दिवशी आम्ही तिघं गेलो. लहानशी खोली, एक टेबल, भिंतीवर घड्याळ. मॅडमनी मुद्दाम दादाचीच वाक्यं कागदावर उतरवून घेतली होती, म्हणजे तिला परकी वाटायला नकोत. वहिनीच्या डाव्या हातात पेन्सिल दिली. तिने ती बाजूला ठेवली. पहिल्या वाक्यातल्या रेघेवर बोट टेकवलं, मग रेघेच्या जरा खाली टेकवलं, आणि थांबली. परत टेकवलं. दुसऱ्या वाक्याला तेच. तिसऱ्यालाही. नवऱ्याच्या वाक्यापाशी आली तेव्हा रेघेखाली तीन-चारदा बोट दाबलं आणि वळून दादाकडे बघितलं. बिघडलेला पंखा दाखवावा तसं. हे चालत नाहीये, बघा ना जरा.

मला काहीच कळेना. दादाच्या तोंडावरचा रंग मात्र उडाला होता.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता त्याने टॅब घेतला आणि पहिल्या रेघेवर बोट ठेवलं. खाली एक पट्टी उघडली, तिच्यात ‘किल्ली’. पट्टीवर बोट ठेवलं, किल्ली जाऊन रेघेवर बसली. पुढच्या रेघेखाली ‘छत्री’. त्याच्या पुढे कुठेतरी ‘सर’. एकदा भरलेला शब्द टॅबने लक्षात ठेवला होता, आणि त्या टॅबवर बरोबर शब्द भरणारा माणूस एकच होता.

“उत्तरं माझी आहेत,” दादा म्हणाला. “चार महिने मी मलाच मार्क देत होतो.”

मावशी दारात उभ्या होत्या. “मला वाटलं, ते असंच असतं. शब्द आला की त्या किती खूश व्हायच्या हो.” मी त्यांच्यावर तुटून पडणार होते, पण दादाने हात धरला. त्यांची काय चूक? कोणाचीच नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. मॅडमनी वहिनीची वेळ दुसऱ्याला दिली. त्या तरी काय करणार?

दादाने टॅबची सगळी आठवण पुसली. रोज नवी वाक्यं करायला लागला आणि आयुष्यात पहिल्यांदा न सोडवता पेपर पाठवायला लागला. वहिनी रेघेखाली दाबायची, काही यायचं नाही. पाठवायचं बटण दाबायची, तर लाल अक्षरात सूचना, उत्तर आवश्यक आहे. परत दाबायची, परत लाल. एक दिवस तिने टॅबवर मूठच आपटली. तेव्हा दादाने वीसही वाक्यांचं ‘आवश्यक’ काढून टाकलं.

तेव्हापासून फॉर्म कोरा येतो. रोज. मी म्हटलं, “दादा, पुरे आता. कशाला हा छळ?” तो म्हणाला, “कोरा का होईना, येतो ना? म्हणजे ती रोज समोर बसते. शोधते. नाही सापडत, ती गोष्ट वेगळी.”

परवा रजा काढून मी त्यांच्याकडे गेले. अकरा वाजले. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी हाक मारली, तर तिने पांघरूण वर ओढलं. मावशींनी कपाटातून टॅब काढला, उभ्या उभ्या एकदा बटण दाबलं आणि परत आत ठेवून दिला.

“तीन आठवडे झाले ताई, त्या हातच लावत नाहीत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “एक दिवस फॉर्म गेला नाही, तर सरांचा फोन आला. आवाज असा काही झाला होता त्यांचा, की मला राहवेना. तेव्हापासून मीच पाठवते.”

मी आयुष्यात कोणाची भीड ठेवलेली नाही. लग्नाच्या मांडवात सासऱ्यांना सुनावलं आहे मी. दादा आला की सरळ सांगून टाकायचं, असं ठरवून संध्याकाळपर्यंत बसले. तो आला, पिशवी ठेवली, आतल्या खोलीत डोकावून आला आणि माझ्यासमोर बसून फोन काढला.

“आज अकरा वाजून तीन मिनिटांनी आला बघ. रोजच्यापेक्षा लवकर.” मग म्हणाला, “तू होतीस ना गं तेव्हा? शोधत होती का ती?”

“हो दादा,” मी म्हटलं. “बराच वेळ शोधत होती.”